क्यूँकाकांची उंगली कांपिटीशन

आमच्या गल्लीत कोणाला उचकी लागली की तो माणूस पाणी शोधायच्या आधी दार लावून घ्यायचा. कारण आवाज बाहेर गेला, की क्यूँकाका घड्याळ घेऊन हजर! "बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, श्वास अडवायचा नाही. नॅचरल येऊ द्या," असं म्हणत ते समोर स्टूल ओढून बसायचे आणि दोन उचक्यांमधले सेकंद वहीत टिपायचे. एकदा समोरच्या घरातल्या आजींची उचकी काकांना दारात पाहूनच थांबली. काका इतके हिरमुसले, की आजींनाच बिचाऱ्यांना अपराध्यासारखं झालं. त्यांनी दोन उचक्या काढून दाखवल्या. काकांनी कान टवकारून ऐकल्या आणि वही मिटली. "आजी, ये नकली माल है," म्हणाले आणि निघून गेले.

त्यांचं खरं नाव यशवंत लघाटे. मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या दोन खोल्या. लग्न केलेलं नव्हतं. दवाखान्यात त्यांच्याकडे दोनच मिक्श्चर असायची, एक गुलाबी आणि एक पांढरं. कमरेच्या वर दुखलं तर गुलाबी, खाली दुखलं तर पांढरं, असं कामगार म्हणायचे. काकांना हे बिलकूल मंजूर नव्हतं. पण "मग फरक काय?" असं कोणी विचारलं तर ते खूश होऊन म्हणायचे, "सवाल चांगला आहे, पण कच्चा आहे. दोन दिवस पिकू दे, मग घेऊन ये." जवाबाची त्यांना घाई कधीच नसे. सवाल मात्र त्यांना आंब्यासारखा दाबून बघायची सवय होती.

या सवालांचा सगळ्यात जास्त मार मी खाल्लाय. मी तेव्हा बीएस्सीला होते. गल्लीतली पहिली बीएस्सीवाली मुलगी, म्हणजे काकांच्या मते आता सगळं ज्ञान शेजारीच राहायला आलं होतं. मी सायकल काढली की ते ओट्यावरून हाक मारायचे, "सुमन बेटा, एक मिनिट!" त्या एका मिनिटात माझा पहिला तास बुडायचा. केस कापले तर दुखत नाही, मग उपटले तर का दुखतं? कांदा चिरताना वहिनी रडतात, मग कांदेवाला दिवसभर कांद्यांत बसून हसतो कसा? जांभई बघून जांभई येते, मग आंधळ्याला ऐकून येते का? मी म्हणायची, "काका, हे सिलेबसमध्ये नाही." त्यावर ते खरोखर काळजीने विचारायचे, "मग सिलेबसमध्ये आहे तरी काय गं?"

झाडांनाही ते सोडत नसत. गल्लीच्या टोकाला एक चिंच होती. संध्याकाळी तिची पानं मिटतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काका रोज तिथे उभं राहून मिटायची वेळ टिपायचे. मिल बंद झाली, भोंगा वाजेनासा झाला, तेव्हा एका संध्याकाळी ते वही बंद करत मला म्हणाले, "बघ बेटा, अख्ख्या परदेशीपुऱ्यात आता एकटी इमलीच शिफ्टवर आहे." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण माझे बाबा त्याच मिलमध्ये विणकर होते.

आणि विचारायची वेळ-काळ? छे! आमच्याच गल्लीतल्या एका काकूंचे यजमान गेले. दहाव्या दिवशी सगळे बसलेले. काकू दहा दिवस रडून रडून सुजल्या होत्या. सगळीकडे शांतता, आणि हे कोपऱ्यातून हळूच, "भाभी, माफ करा, पण डोळे रडतात तेव्हा नाक का गळतं? नाकाला काय दुःख झालं?" माझी आई कपाळावर हात मारून घेणार इतक्यात काकूंनी पदर नाकाला लावला, काकांकडे पाहिलं आणि त्यांना फसकन हसू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. मग तासभर सगळी मंडळी नाकाबद्दलच बोलत बसली. जाताना काकूंनी काकांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

तर मिल बंद झाली. ती एका दिवसात झाली नाही. आज एक खातं, उद्या दुसरं, असं करत करत एक दिवस गेटवर कुलूपच लागलं. जन्मभर पाळी धरून जगलेली माणसं ओट्यांवर येऊन बसली. घरात बसावं तर बायका म्हणायच्या, "पायांत येऊ नका." टीव्हीवर रोज नवनव्या गाड्या, नवनवी थंड पेयं, सगळं जग उघडलंय म्हणे, आणि आमच्या गल्लीत मात्र गेट बंद! त्यात काकांचा ओटा भरू लागला. तिथे निदान रोज एक सवाल मिळायचा. कोणी पत्ते आणले तर काका म्हणायचे, "भिया, पत्त्यांत बावन्नच आहेत. सवाल बघ किती आहेत!" माणसं चिडवायची, हसायची, पण सकाळी पोहे खाऊन पुन्हा तिथेच येऊन बसायची.

बाबा त्यांच्यात असायचे, पण गप्प. त्यांचा जीव दुसरीकडे अडकला होता. सांवेर रोडवर एक नवा कारखाना निघाला होता, तिथे विणकर घेत होते. बाबा मोठ्या ऐटीत ट्रायल द्यायला गेले. मागावर धागा तुटला की डोळे मिटून गाठ मारणारा माणूस तो! आणि तिथे त्यांच्याकडून गाठ बसेना. एकदा नाही, चारदा. सुपरवायझर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "काकाजी, महिन्याभराने परत या, हात जरा मोकळा करून." बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "सवय गेली." पण मला दिसत होतं की सवय नाही, बोटं गेली होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर उसळले, "तीस वर्षं सूत ओढलंय या बोटांनी. मिलचे हात असेच होतात. सगळ्यांचे होतात." हे मात्र खरं होतं, की गल्लीतला प्रत्येक विणकर हेच म्हणायचा. ज्याचा हात सुन्न पडे तो मिलचं नाव घेई आणि पुन्हा बिडी पेटवी. आमच्या घराचं पुढचं सगळं त्या दोन बोटांवर अडलं होतं आणि बाबा ती बोटं कोणाला दाखवायला तयार नव्हते.

एके सकाळी ओट्यावर चहा आला. काचेचे ग्लास, उकळता चहा. सगळे "हाय हाय" करत ग्लास या हातातून त्या हातात टाकत होते. बाबांनी मात्र ग्लास बुडाशी करंगळीवर टेकवून आरामात धरला होता. मी दारात उभी राहून पाहत होते. काकाही पाहत होते. आता येणार सवाल, असं मला वाटलं. आलाच नाही. काकांनी पुढे होऊन बाबांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि म्हणाले, "मला दे, माझ्यात साखर कमी आहे." दुसऱ्या दिवशी बाबांच्या करंगळीला हा एवढा फोड होता आणि तो कशाने आला, हे त्यांना आठवत नव्हतं.

दोन दिवस काका ओट्यावर आले नाहीत. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने जाहिरात! 'रविवारी सकाळी उंगली कांपिटीशन. पाण्यात बोटं का सुरकुततात? सर्वांनी एक एक हात घेऊन यावे. पहिलं इनाम पाव किलो लवंगी शेव.'

"एक हात घेऊन यावे म्हणजे? दुसरा काय घरी ठेवायचा?" असं म्हणत सगळी गल्ली लोटली. इंदूरचा माणूस शेवेसाठी काय करणार नाही! टेंटवाल्याकडून काकांनी सहा मोठे टब आणले होते. चुलीवर पाणी कोमट करून भरलं. वीसेक बाप्ये टबांभोवती उकिडवे बसले, मनगटापर्यंत उजवा हात पाण्यात. काका घड्याळ घेऊन मधोमध. "हलायचं नाही! खाजवायचं असेल तर डाव्या हाताने." बायका खिडक्यांतून हसून हसून बेजार. कोणीतरी ओरडलं, "लघाटेजी, भजी तळताय का?" बाबांना यायचं नव्हतं. काकांनी त्यांना घरातून ओढून आणलं आणि सगळ्यात आधी त्यांचा हात पाण्यात बुडवला.

अर्ध्या तासाने काकांनी भिंग काढलं आणि एकेकाचा हात उताणा करून तपासायला सुरुवात केली. "वा, ये तो किशमिश! हा मुनक्का! अरे, तुझा तर अंजीर झाला." हशा चालूच होता. बाबांपाशी आले. मी बाबांच्या मागेच उभी होते. तीन बोटं सगळ्यांसारखी सुरकुतलेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गुळगुळीत, जशी पाण्यात घातलीच नव्हती. काकांनी त्या दोन बोटांवरून भिंग पुन्हा एकदा फिरवलं. एवढं मलाही कळलं होतं की हे बरं लक्षण नाही. पण काकांनी बाबांचा हात पैलवानासारखा उंच धरला आणि ओरडले, "पहिला नंबर! वसंतराव! पाणी हरलं, बोटं जिंकली!" टाळ्या पडल्या. बाबांना काहीच कळेना. शेवेची पुडी हातात घेऊन ते लाजत उभे राहिले. किती दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहत होते.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. मिलच्या रंगाई खात्यात दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्या एका कामगाराची गोष्ट त्यांनी सांगितली. मशीनने मनगट कापलं होतं त्याचं. जखम भरली, पण दोन बोटं पाण्यात कधी सुरकुतली नाहीत. मिलच्या डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं की बोटांना सुरकुत्या पाणी पाडत नाही, नस पाडते. नस मेली की बोट पाण्याला ओळखत नाही.

"पण मला कुठे काही कापलंय?" बाबा म्हणाले.

"तेच तर. न कापता नस गेली, म्हणजे कारण आत आहे. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"मग हे तुला सरळ सांगता येत नव्हतं? तमाशा कशाला केला?"

"तुला एकट्याला टबासमोर बसवलं असतं, तर तू बसला असतास? आणि गल्ली गप्प राहिली असती?" काका म्हणाले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी बाबांचं कोपर चाचपलं. तिथली नस सुतळीसारखी जाड झाली होती. पाठीवर एक फिकट चट्टा सापडला, तो आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. बाईंनी शांतपणे नाव सांगितलं. कुष्ठरोग. बाबा खुर्चीतच खचले. बाई म्हणाल्या, पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, औषध सुरू झालं की कोणाला लागत नाही, वेळेत आलात, बोटंही परत येऊ शकतील. आमची सगळ्यांची तपासणी झाली, आम्ही ठीक होतो. पण बाबांनी त्यातलं काही ऐकलंच नाही. घरी येऊन म्हणाले, "मी कुठेतरी निघून जातो. सुमनचं लग्न व्हायचंय." आईने पहिल्यांदा आयुष्यात बाबांवर आवाज चढवला. "खबरदार घराबाहेर पाऊल टाकलंत तर!"

भीती खोटी नव्हती. त्या गोळ्यांनी कातडी काळपट पडते आणि महिन्यातून एकदा जो मोठा डोस असतो, त्या दिवशी लघवी लालभडक होते. गल्लीत संडास सामाईक. आणि रंग तर तोंडावरच दिसणार! लोक विचारणारच. काका म्हणाले, "विचारतील ना, तर मला विचारतील. ते तू माझ्यावर सोड."

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर खडूने नवी जाहिरात आली. 'उन्हात माणूस किती काळा होतो? प्रयोगाचे मानकरी: वसंतराव आणि यशवंत लघाटे.' मग रोज सकाळी दोघं आमच्या गच्चीवर सतरंजी टाकून अंगाला सरसूचं तेल चोपडून बसलेले. काकांनी दंडावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, मोजायला म्हणून. बाबांना त्यांनी चोरून सावलीत बसवलं होतं आणि स्वतः उन्हात. वैशाखात काकांच्या पाठीची सालं निघाली. नाक बटाट्यासारखं सोललं. बाबा औषधाने काळे पडत गेले आणि काका उन्हाने. गल्ली पोट धरून हसायची. "ओ लघाटेजी, दोघं भट्टीतून निघालात काय?" आणि संडासातल्या लाल रंगाचीही त्यांनी सोय करून ठेवली होती. महिन्यातल्या त्या दिवशी ते सकाळीच ओट्यावर बसून बीट खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बीट खाल्लं की लाल का होते, ते बघतोय. वसंतरावलाही किलोभर चारलंय." लोक नाक दाबून पळायचे. पावसाळा आला, ऊन गेलं, तेव्हा मी घाबरले, आता काय? काकांनी शांतपणे नवी ओळ लिहिली. 'काळेपणा उतरायला किती दिवस लागतात? प्रयोग चालू.'

गल्लीने काकांना पुरतं वेडं ठरवलं. मिल गेली आणि डोक्यावर परिणाम झाला, असं लोक उघड बोलायचे. काका ऐकायचे आणि मान डोलवायचे. बाबांबद्दल मात्र कोणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. फार तर "वेड्याच्या नादी लागला" एवढंच म्हणायचे.

रोज संध्याकाळी काका बाबांची बोटं तेल लावून एक एक करून ताणायचे आणि पुढ्यात सुताची गुंडी टाकायचे. "मार गाठ." बाबा वैतागायचे, शिव्या द्यायचे, गुंडी भिरकावायचे. काका ती आणून परत पुढ्यात ठेवायचे. असे किती महिने गेले. आणि एका सकाळी आमच्या घरातून बोंब उठली. "मेलो! चटका बसला!" आई धावली, मी धावले. बाबा चहाचा ग्लास टाकून करंगळी झटकत नाचत होते, डोळ्यांत पाणी, आणि तोंड आनंदाने हे एवढं फाकलेलं. काका भिंतीपलीकडून धोतर सावरत आले. "कुठे? कोणत्या बोटाला? किती सेकंदांनी कळलं?" आणि मग दोघं पन्नाशी उलटलेले बाप्ये एकमेकांना मिठी मारून नाचू लागले. मी आणि आई खाली फुटलेल्या काचा वेचत रडतही होतो आणि हसतही होतो.

सांवेर रोडवर बाबांनी पुन्हा ट्रायल दिली. गाठ पहिल्यासारखी झटक्यात बसली नाही, पण बसली. सुपरवायझर म्हणाला, मागावर नाही, पण कापड तपासायच्या कामाला लागा. त्याच महिन्यात गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं आणि डॉक्टरीण बाईंनी कागदावर 'बरा' लिहून दिलं. त्या रविवारी दुपारी आईने दाल-बाफले केले आणि काकांना जेवायला बोलावलं. उकडून, भाजून तुपात बुडवलेले कणकेचे बाफले, लसणाची चटणी, आणि लाडू. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

जेवता जेवता मी विचारलं, "काका, एक सवाल आहे. पक्का आहे, वर्षभर पिकलाय. अख्ख्या गल्लीने तुम्हाला वेडं म्हटलं. इतकं सगळं का केलंत?"

मला वाटलं, काहीतरी गमतीचं बोलतील. ते ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईची बोटं अशीच होती."

आईने तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"मी आठ वर्षांचा असेन. तिला शेतातल्या खोपटात ठेवली होती, गावाबाहेर. घरात सगळे म्हणायचे, मागच्या जन्मीचं आहे. मी रोज भाकरी घेऊन जायचो. बांधावर एक दगड होता, त्यावर भाकरी ठेवायची आणि मागे सरकायचं. मग ती यायची, घ्यायची. मी म्हणायचो, आई, का? मी तुझ्याजवळ का नाही यायचं? ती म्हणायची, असं विचारू नये बाळा, जा. मी जायचो." त्यांनी ताटातला बाफला उगाच सरकवला. "दोन वर्षं गेलो. एकदाही दगड ओलांडला नाही. मला विचारू नको म्हटलं आणि मी मुकाट्याने ऐकलं. तिला कोणी हात लावला नाही शेवटपर्यंत, वहिनी. मीसुद्धा नाही. पुढे लग्नाच्या गोष्टी यायच्या, आई कशाने गेली, असं विचारायचे. मी खरं सांगायचो. ते लोक उठून जायचे."

आई पदराने डोळे पुसत होती. मला इतका राग आला, कोणावर ते कळेना, त्या दगडावरच बहुतेक.

बाबांनी आपल्या ताटातला बाफला फोडला, डाळीत कालवला, वर तूप घेतलं, आणि उजव्या हाताच्या पाचही बोटांनी घास करून तो काकांच्या तोंडापाशी नेला. काकांनी एकदा त्या बोटांकडे पाहिलं. मग घास घेतला. हळूहळू चावून गिळला, आणि लहान मुलासारखं पुन्हा तोंड उघडलं.